न सांगितलेल्या शाखांचं काय?

आजचा इतिहास लढाईचा नाही, एका हुकमाचा आहे. हुकूम दोनच शब्दांचा: 'गिट पुश'. सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी तुमची मुलं-नातवंडं तो रोज देतात.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलसाठी गिट लिहिलं. जुलैत त्याची धुरा ज्युनिओ हमानो यांच्याकडे गेली. गिटमध्ये काम निरनिराळ्या शाखांवर चालतं. आपल्या संगणकावरचं काम दूरच्या भांडारात पाठवणं म्हणजे पुश. पण कोणती शाखा, हे सांगितलंच नाही तर?

सुरुवातीचा नियम होता 'मॅचिंग': दोन्हीकडे एकाच नावाच्या जेवढ्या शाखा, तेवढ्या सगळ्या पाठवा. यात चूक नव्हती. कर्नेलच्या कामात प्रत्येकाचं प्रकाशनाचं भांडार स्वतःचं असे. सगळ्या शाखा तयार झाल्या की तो त्या एकदम पाठवी आणि इतर जण तिथून उचलत.

पुढे एकाच भांडारात अनेक जण लिहू लागले आणि तोच नियम अंगावर येऊ लागला. एका शाखेचं काम पाठवताना दुसरीवरचं अर्धवट कामही निघून जाई. शिळी पडलेली शाखा गिट नाकारत असे. पण कोणी 'फोर्स' जोडला, तर सहकाऱ्यांचं नवं काम भांडारातल्या शाखेवरून उडून जाई.

२००९ मध्ये हा नियम निवडण्याची सोय आली. २०१२ मध्ये 'सिंपल' आला: फक्त चालू शाखा पाठवा, तीही पलीकडच्या जोडलेल्या शाखेचं नाव तेच असेल तर, नाहीतर थांबा. मात्र तो लगेच लादला नाही. जुन्या सवयी आणि स्क्रिप्टा 'मॅचिंग'वर चालत होत्या. म्हणून आधी इशारे छापले गेले आणि २८ मे २०१४ च्या गिट २.० पासून 'सिंपल' मूळ नियम झाला. 'मॅचिंग' हवा असणाऱ्यांसाठी तो आजही आहे.

फौजेत आम्ही हुकमात जे सांगितलेलं नसतं, त्यासाठी स्थायी आदेश ठेवतो. तो लिहिताना अनुभवी माणूस नव्हे, कालच रुजू झालेला जवान डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. हमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं, आणि बदलाआधी जुन्यांना पुरेसा वेळही दिला. तुमच्या संस्थेत, सोसायटीत असे किती न सांगितलेले नियम चालू आहेत, ते एकदा तपासा. जय हिंद.