वाय-फायचं आजोळ

नगरहून कल्याण रस्त्याने निघालं, टाकळी ढोकेश्वर मागे टाकलं की पुढे जुन्नर तालुका लागतो. तिथल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण आकाशातून येणारा क्षीण संकेत मोबाइलच्या लहरींत बुडून जातो. अँटेनांनी टिपलेलं सगळं मुख्य इमारतीत येतं ते हवेतून नाही, ऑप्टिकल फायबरमधून. बिनतारी जाळ्यांना इथे वेशीबाहेरच ठेवलंय. गंमत म्हणजे त्यांतल्या वाय-फायचं आजोळ रेडिओ खगोलशास्त्रातच आहे.

चिमुकली कृष्णविवरं स्फोट होऊन संपत असावीत, असं हॉकिंग यांनी १९७०च्या दशकात मांडलं. त्या स्फोटाचा रेडिओ-ठोका शोधायला निघालेल्यांत अभियंते जॉन ओ'सलिव्हन होते. ठोका काही सापडला नाही. पण विस्कटलेला संकेत गणिताने पुन्हा नीट कसा लावायचा, हा हातखंडा मात्र कमावला गेला.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे बिनतारी जाळ्याची वेगळीच अडचण होती. खोलीत सोडलेली लहर भिंतीवर, कपाटावर आपटते आणि एकच संकेत किंचित उशिराने चार वाटांनी येऊन पोचतो. वेग वाढवावा तर आधीच्या संकेताचा प्रतिध्वनी पुढच्यावर पडतो. त्यांनी त्याच गणिताच्या आधाराने एकच वेगवान प्रवाह फोडून शेजारशेजारच्या अनेक वारंवारतांवर संथपणे पाठवला. प्रत्येक संकेत जास्त वेळ टिकतो, त्यामुळे पुढचा येईतो प्रतिध्वनी विरलेला असतो. या युक्तीचं अमेरिकी पेटंट १९९६ साली मिळालं.

सीएसआयआरओच्या सिडनीतल्या रेडिओ विभागात १९५३ साली भारतीय खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप शिकायला गेले होते. सिडनीजवळ वापरून झालेल्या ३२ छोट्या अँटेना भारताला मिळाल्या. १९६५ साली त्या कल्याणला उभ्या राहिल्या. पुढे खोडदची दुर्बीणही स्वरूप यांनीच उभारली. म्हणजे ती आणि वाय-फाय मावसभावंडंच की!

तरी वाय-फायचं सगळं श्रेय सिडनीला देऊन टाकणं मला पटत नाही. अमेरिकेने १९८५ साली काही पट्टे बिनपरवाना वापराला मोकळे केले नसते, तर हे पेटंट कपाटातच राहिलं असतं. त्या पट्ट्यांतला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनचा; कोणाला नकोसा, म्हणून सगळ्यांचा. १९९७ साली आलेल्या वाय-फायच्या पहिल्या मानकाचा, ८०२.११चा, वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट होता. प्रतिध्वनीवरची युक्ती दोन वर्षांनी ८०२.११एमध्ये आली. ब्लूटूथही २.४च्याच पट्ट्यात, सेकंदाला १६०० उड्या मारत, गर्दी चुकवत चालतं.

भारतात २.४चा पट्टा घराबाहेरही बिनपरवाना झाला जानेवारी २००५मध्ये; वाय-फायचा दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा बाहेर मोकळा व्हायला २०१८ उजाडलं. केबलसाठी रस्ता खोदणं जिथे परवडत नाही, अशा वाडीवस्तीवर आता गच्चीवरची छोटी थाळी टॉवरकडे तोंड करून नेट खेचते. वाटेत झाड वाढलं की वेग पडतो. आणि नगरच्या एखाद्या जुन्या दगडी वाड्यात राउटर ओसरीवर ठेवाल, तर ५चा संकेत पहिल्या भिंतीशीच दमेल, २.४चा रखडत का होईना माजघरापर्यंत जाईल. स्वयंपाकघरात ओव्हन चालू असेल, तर त्याचीही खात्री नाही.