निविष्ठा अनुदान (नैसर्गिक आपत्ती)

अतिवृष्टी, पूर, गारपीट, चक्रीवादळ इत्यादी आपत्तींत पीक वा फळबाग गेलेल्या शेतकऱ्यास सरकारकडून मिळणारी रोख मदत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार स्थापन झालेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ती दिली जाते. महाराष्ट्रासारख्या राज्यांत या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो. नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक पंचनामा करतात. २०२२ पासूनच्या निकषांत हेक्टरी दर जिरायतीस ८,५००, बागायतीस १७,००० व बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये असून मर्यादा दोन हेक्टरांची आहे. ही भरपाई नव्हे, पुन्हा पेरणीला हातभार. पीकविम्याहून ती वेगळी.

हेक्टरी हिशेबाची अडचण कोकणात उघडी पडली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वाडी गुंठ्यांची, त्यातच आंतरपिके, आणि नवे झाड फळाला यायला अनेक वर्षे. राज्याने फळबागांची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपये केली. पुढे नारळाला झाडामागे २५० व सुपारीला ५० रुपये ठरले. रोपवाटिकांचे दुखणे याहून अवघड: पिशव्यांतली हजारो कलमे काही गुंठ्यांतच मावतात.