घुमटातून माळावर: मोठ्या फिरत्या दुर्बिणीचा इतिहास

हौशी खगोलनिरीक्षकांची मोठी फिरती दुर्बीण म्हणजे साधारण दहा ते पंचवीस इंच व्यासाचा आरसा असलेली, पण सुटी करून गाडीत घालता येणारी आणि अंधाऱ्या माळावर थोडक्या वेळात पुन्हा उभी करता येणारी परावर्ती दुर्बीण. जगभर ती डॉब्सोनियन या नावाने ओळखली जाते. वीस इंची आरसा महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच आला होता. तो घुमटातून निघून माळावर यायला मात्र शंभर वर्षे लागली, आणि हा उशीर झाला तो आरशामुळे कमी व त्याच्या बैठकीमुळे जास्त.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात, १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले होते आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली होती. वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नेगमवाला. त्यांच्या हाताखाली असलेली डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. नेगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर एवढे मोठे साधन महाराष्ट्राबाहेर जावे, यावरून ते समाजात किती रुजले होते याचा अंदाज येतो.

मोठे साधन घेऊन आकाशामागे जाणे त्या काळात अशक्य नव्हते. फक्त त्याला मोहिमेचा थाट लागे. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नेगमवाला पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरच्या जेऊरला तळ देऊन होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच आले होते आणि त्यांच्याबरोबर ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. ग्रहणाच्या खग्रास अवस्थेची मिनिटे मोजकी, आणि त्यासाठी पेट्याच पेट्या सामान, मजूर, मांडव आणि सरकारी मदत. हौशी माणसाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती.

औरंगाबाद (आजच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातले बिडकीन हे गाव, ज्याच्याकडे शेवटी वळायचे आहे, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यातली मोठी दुर्बीण हैदराबादला होती. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये निजामिया वेधशाळेची सुरुवात केली, तिची मुख्य दुर्बीण ग्रबचीच, १५ इंच व्यासाची, पण भिंगाची. औरंगाबाद जिल्ह्यातल्या जिज्ञासूला तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

दुर्बीण जड का होत असे, हे पाहिले की पुढचा इतिहास उलगडतो. आकाश फिरताना दिसते, त्यामुळे तारा नजरेत धरून ठेवायचा तर दुर्बिणीचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवून तो घड्याळाच्या यंत्रणेने फिरवावा लागतो. ही विषुववृत्तीय बैठक. तिच्यात नळीचा भार तिरक्या आसावर पडतो, म्हणून समोर तोलाला वजन लागते, आणि ते सगळे न थरथरता पेलायला ओतीव लोखंडाचा खांब व सिमेंटचा चौथरा. शिवाय जुन्या नियमाप्रमाणे आरशाची जाडी व्यासाच्या सहाव्या हिश्शाइतकी हवी, नाही तर काच स्वतःच्या वजनाने वाकते. या हिशेबाने वीस इंची आरसाच ३५ किलोंच्या पुढे जातो. छायाचित्रे घ्यायची आणि तासन्‌तास वर्णपट नोंदवायचे असतील तर हा सगळा खटाटोप समर्थनीय आहे. ज्याला फक्त डोळ्याने पाहायचे आहे त्याला यातले बहुतेक काही लागत नाही, ही गोष्ट मात्र फार उशिरा कोणाच्या तरी ध्यानात आली.

ती ज्याच्या ध्यानात आली तो जॉन डॉब्सन रामकृष्ण संघाच्या मठातला संन्यासी होता. जन्म १९१५चा, पेकिंगचा. १९४४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत दाखल झाला. ही संस्था स्वामी विवेकानंदांनी १९०० साली स्थापन केलेली. मठात पैसा नव्हता, म्हणून डॉब्सनने जहाजाच्या खिडक्यांची टाकाऊ जाड काच घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या, लाकडाची पेटी ठोकून बैठक केली. रात्री दुर्बीण ढकलत तो आसपासच्या वस्तीत नेई आणि लोकांना शनी व चंद्र दाखवी. पत्रांमधून बोभाटा होऊ नये म्हणून दुर्बिणीला जिरेनियम हे फुलझाडाचे नाव दिलेले. कामे सोडून बाहेर भटकतो या कारणावरून १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ‘साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’ हा गट उभा राहिला. डॉब्सनने आपल्या रचनेचे पेटंट घेतले नाही.

भारतीय वाचकाला यातला वेदान्ताचा धागा जवळचा वाटणे साहजिक आहे. दुर्बिणीच्या इतिहासात मात्र टेफ्लॉनचे तुकडे अधिक मोलाचे. डॉब्सनच्या बैठकीत दोनच हालचाली: आडवी आणि उभी, तोफेच्या गाड्यासारखी. नळीच्या दोन्ही बाजूंच्या गोल चकत्या टेफ्लॉनच्या छोट्या ठोकळ्यांवर टेकतात, आणि खालची पेटी फॉर्मायका लावलेल्या फळीवर तशाच ठोकळ्यांवर फिरते; आपल्याकडचे सुतार या पत्र्याला सनमायका म्हणतात. टेफ्लॉनचे वैशिष्ट्य असे, की स्थिर वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो जवळजवळ तेवढाच ती हलती ठेवायला लागतो. त्यामुळे बोटाने ढकलले की नळी हिसका न देता सरकते, आणि बोट काढले की तिथेच थांबते. भार सरळ खाली जमिनीवर जात असल्याने तोलाचे वजन नको, खांब नको. पातळ आरसा पट्ट्याच्या झोळीत टेकवला की त्याचे वाकणेही डोळ्याने पाहण्यापुरते नगण्य होते.

उणीव एकच, पण मोठी: ही दुर्बीण ताऱ्याचा पाठलाग करत नाही. दोनशे पट वर्धन ठेवले तर साधारण नेत्रिकेतून खविषुववृत्तावरचा तारा मिनिटभरात बाहेर पडतो, आणि पाहणाऱ्याला सतत नळी सरकवावी लागते. रांगेतल्या दहाव्या माणसापर्यंत गुरू नेत्रिकेत टिकवणे हे आकाशदर्शनाच्या कार्यक्रमातल्या स्वयंसेवकाचे खरे कसब.

महाराष्ट्रात हौशी मंडळींचा पाया आधीच घातला गेला होता. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ची, देशातली या प्रकारची सर्वांत जुनी. १९८५–८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला आणि त्या उत्साहात मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. वांगणीच्या माळावरचे त्याचे रात्रभराचे कार्यक्रम पुढे पिढ्यांच्या आठवणीचा भाग झाले. आकाश दाखवणारे आणि पाहणारे असे दोन्ही तयार होते, कमी होती ती स्वस्त आणि मोठ्या आरशाची. आयात दुर्बीण परवडण्याजोगी नव्हती. पुण्याच्या आयुकात अरविंद परांजपे आणि सहकाऱ्यांनी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या, त्यांनी ही कोंडी फोडली. शिक्षक, विद्यार्थी आणि हौशी मंडळांचे कार्यकर्ते स्वतः आरसा घासून सहा इंची डॉब्सोनियन घेऊन घरी जाऊ लागले.

आरसा घासणे दिसायला सोपे आहे. काचेच्या दोन सारख्या चकत्या एका पिंपावर एकीवर एक ठेवायच्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड घालायची, आणि वरची चकती पुढेमागे घासत पिंपाभोवती गोल फिरायचे. खालची फुगीर होत जाते, वरची खोलगट. पूड टप्प्याटप्प्याने बारीक होते. मग राळ-डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने चकाकी. ४८ इंच नाभीय अंतराच्या सहा इंची आरशाची मध्यावरची खोली जेमतेम १.२ मिलिमीटर भरते. खरी परीक्षा नंतरची. गोलाकार पृष्ठभाग अन्वस्ताकार करायला आणखी जी काच काढावी लागते ती मिलिमीटरच्या काही हजारांश भागाहूनही कमी, आणि ती मोजण्याचे साधन म्हणजे एक दिवा आणि एक ब्लेड. फूकोने १८५८ मध्ये सांगितलेली ही चाचणी आजही तशीच चालते: ब्लेडने प्रकाशाचा झोत अडवला की आरशावरचे उंचसखल भाग सावल्यांनी उठून दिसतात. तळहाताच्या उबेने काच फुगते आणि तीही सावलीत दिसते, म्हणून घासल्यावर आरसा बराच वेळ निवू द्यावा लागतो. शेवटी निर्वात कोठीत ॲल्युमिनियमचा मुलामा.

सहा इंचांवरून बारा आणि वीस इंचांकडे जाताना अडचण नळीची होते. वीस इंची, १०० इंच नाभीय अंतराची बंद नळी कुठल्याच मोटारीत मावत नाही. १९८० नंतर अमेरिकेत नळीऐवजी आठ सुट्या दांड्यांचा सांगाडा रूढ झाला, आणि डेव्हिड क्रीग व रिचर्ड बेरी यांच्या १९९७च्या पुस्तकाने तो घरोघरच्या कारागिरांपर्यंत नेला. आरशाची पेटी खाली, दुय्यम आरशाचे कडे वर, मध्ये दांड्या आणि उजेड अडवायला काळे कापड. दोन इंच जाडीचा वीस इंची आरसा सुमारे २३ किलोंचा, म्हणजे दोघांना सहज उचलण्यासारखा. नेगमवालांच्या दुर्बिणीइतकाच, नुसत्या डोळ्याच्या सुमारे पाच हजार पट प्रकाश गोळा करणारा आरसा अशा रीतीने जीपच्या मागच्या भागात बसू लागला. खडबडीत रस्त्यावर आरसे हलतात, त्यामुळे दर वेळी जोडणीनंतर त्यांची समरेखा पुन्हा जुळवावी लागते.

अशी दुर्बीण आज सर्वांत उपयोगी पडते ती उजेडापासून पळण्यासाठी. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला पैठण रस्त्यावर असलेले बिडकीन याचे चांगले उदाहरण. तालुक्याच्या गावाहून लहान असलेल्या या बाजारगावाशेजारी ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र आखले गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. जिथे कारखाने आणि रस्त्यावरचे दिवे येतील तिथले आकाश फिकट होणार, तेव्हा घुमट बांधून कायमची दुर्बीण बसवण्यात शहाणपण नाही. बिडकीन ओलांडून पैठणच्या बाजूला जाणाऱ्याला मात्र एक फायदा मिळतो: शहराचा आणि गावाचा उजेड उत्तरेला राहतो आणि दक्षिण क्षितिज त्या मानाने काळे मिळते. इथले अक्षांश २०च्या जरा आत असल्याने ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ एप्रिल–मेच्या रात्री क्षितिजावर सुमारे २३ अंश चढतो. वीस इंची दुर्बिणीने डोक्यावरचे पाहायला शिडी लागते. एवढ्या खालच्या गुच्छाकडे वळवली की नेत्रिका उतरून शाळकरी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते.