मेद फोडणाऱ्या विकरांचा इतिहास : एरंडापासून भातापर्यंत

भिलाईचे नाव घेतले की पोलाद आठवते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मात्र कारखान्याची हद्द ओलांडली की दुर्ग जिल्ह्यातील भाताची शिवारे सुरू होतात आणि धमधा भागात टोमॅटोचे मळे लागतात. वनस्पतींतील मेद फोडणाऱ्या विकरांचा इतिहास या दोन्ही पिकांतून जातो. म्हणून तो भिलाईच्या निमित्ताने सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

तेल फोडणारे विकर ते लायपेज. पेशीपटलातील फॉस्फरसयुक्त मेद फोडणारे ते फॉस्फोलायपेज. स्वादुपिंडाचा रस मेद फोडतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले होते. १८९० साली इंग्लंडमधील जे. रेनल्ड्स ग्रीन यांना रुजणाऱ्या एरंडाच्या बियांत तसेच विकर आढळले. बीजातील तेल पाण्यात विरघळत नाही; ते फुटून त्याची साखर झाली तरच कोंबाला पोसू शकते. हे काम सुरू करणारे एक प्रमुख लायपेज मोहरीच्या कुळातील अॅरॅबिडॉप्सिस या रोपट्यात २००६ मध्ये ओळखले गेले. ते निकामी असलेली रोपटी बाहेरून साखर दिल्याशिवाय नीट वाढत नसत.

येथवर हे विकर केवळ शिदोरी सोडणारे वाटते. त्याचे दुसरे रूप टोमॅटोने दाखवले. १९७२ साली अमेरिकेत क्लॅरेन्स रायन आणि टी. आर. ग्रीन यांनी नोंदवले, की किड्याने एक पान कुरतडले तर टोमॅटोच्या इतर, न दुखावलेल्या पानांतही कीटकांचे प्रथिनपचन रोखणारी द्रव्ये तयार होतात. हा निरोप कोण पोचवतो? १९६२ मध्ये चमेलीच्या सुगंधी तेलातून मिथिल जॅस्मोनेट हे द्रव्य वेगळे काढण्यात आले होते. पण वनस्पतीला त्याचे प्रयोजन काय, हे तेव्हा उमगले नव्हते. १९९० साली एडवर्ड फार्मर आणि रायन यांनी दाखवले, की या द्रव्याच्या नुसत्या वाफेनेही टोमॅटोची पाने संरक्षणास सज्ज होतात. दोनच वर्षांनी त्यांनी पुढची कडी मांडली : जखम होताच लायपेज पेशीपटलातून लिनोलेनिक आम्ल मोकळे करते आणि त्यापासून जॅस्मोनिक आम्ल घडते. म्हणजे पटलाचा मेद हा भिंतीचा चिरा तर आहेच, शिवाय संकटाच्या वेळी धाडायचे पत्रही आहे.

हेच पत्र फुलालाही लागते. २००१ साली जपानी संशोधकांनी अॅरॅबिडॉप्सिसमध्ये ‘डॅड-१’ हे फॉस्फोलायपेज शोधले. ते निकामी झाल्यास परागकोश वेळेवर उमलत नाहीत आणि बीज धरत नाही; जॅस्मोनिक आम्ल दिले की दोष दूर होतो. या व्यवस्थेला किंमत मात्र आहे : संरक्षणाची हाक सतत चालू राहिली तर वाढ खुंटते. म्हणूनच विकर कोठे आणि केव्हा जागे होते, याला महत्त्व आहे.

भिलाईची भट्टी पेटली त्याच १९५९ साली अमेरिकेत एडवर्ड को यांनी मक्याच्या एका विलक्षण वाणाची नोंद केली. त्याचे पराग वापरले असता काही बियांत केवळ मातेचीच गुणसूत्रे उतरत. कारण कळायला ५८ वर्षे लागली. २०१७ मध्ये तीन संशोधक गटांनी दाखवले, की त्या परागांतील एक फॉस्फोलायपेज बिघडलेले असते. पुढच्याच वर्षी भातातील त्याचे प्रतिरूप मुद्दाम निकामी करण्यात आले, तेव्हा शेकडा दोन ते सहा बिया तशाच निघाल्या. बीजधारणा मात्र घटली. अशा रोपांची गुणसूत्रे दुप्पट केली की शुद्ध वाण दोन पिढ्यांत हाती येतो. एरवी सहा-सात पिढ्या थांबावे लागते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताचे वीस हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. त्यांतील गुण नव्या वाणांत आणायचे, तर वाचलेली ही वर्षे मोलाची ठरतात.

आणि शेवटी गिरणी. तांदळाच्या कोंड्यात सुमारे १५ ते २० टक्के तेल असते. अखंड दाण्यात तेल एका थरात आणि लायपेज दुसऱ्या थरात, असा शेजार असतो. पॉलिश करताना मधली भिंत मोडते, दोघे एकत्र येतात आणि काही तासांतच तेल आंबू लागते. असा कोंडा वेळेवर तापवला नाही, तर त्यातील तेल खाण्यालायक राहत नाही. ते साबणाकडे वळते. भात आधी उकडून केलेल्या उसना तांदळाच्या कोंड्यात हे विकर उष्णतेने निष्प्रभ झालेले असते, म्हणून तो अधिक टिकतो.

कोंब पोसणे, किड्याची वर्दी देणे, पराग मोकळा करणे आणि कोंडा नासवणे, या साऱ्यांमागे रासायनिक क्रिया एकच आहे. ग्रीन यांच्या एरंडापासून सव्वाशेहून अधिक वर्षे विज्ञान तिची जागा आणि वेळ शोधत आले आहे. छत्तीसगडच्या गिरणीत या ज्ञानाचा अर्थ सरळ आहे : भट्टी तापलेली असावी आणि कोंडा तिथवर त्याच दिवशी पोचावा.