हातातला भाला, हातातून सुटलेला भाला

‘भालाफेक’ हा शब्द शाळांच्या क्रीडापत्रकांत इतका रुळला आहे की त्याचे नवेपण आपल्या ध्यानातही येत नाही. भाल्याभोवतीची जुनी शब्दसंपदा आठवून पाहावी. भालदार, भालाईत, भालेराव: यांपैकी एकाही शब्दात भाला हातातून सुटत नाही. मराठा स्वाराचा वेळूच्या लांब दांड्याचा भाला मुख्यतः धरून खुपसण्याचा होता. विटा नावाच्या भाल्याला तर दोरी बांधलेली असे. फेकला तरी ओढून परत घेता यावा म्हणून. आखाड्यात शिकवली जाणारी बोथाटी हीही हातातच राहणारी. टोकाला कापडी गोळा लावलेली ती लांब काठी मारणे जितके शिकवी तितकेच वेळीच आवरणेही शिकवी.

खेळ म्हणून भाला दूर टाकण्याची परंपरा ग्रीकांची. त्यांच्या भाल्यालाही चामड्याची वादी असे. पण ती भाला परत आणण्यासाठी नव्हे, तर त्याला वेग आणि फिरकी देण्यासाठी. दोरी दोन्हीकडे, हेतू मात्र उलट! आधुनिक ऑलिंपिकमध्ये भालाफेक १९०८ साली लंडनला आली. १९३६ साली बर्लिनमध्ये जर्मनीच्या गेऱ्हार्ड श्टॉकने ७१.८४ मीटर फेक करून सुवर्णपदक मिळवले. त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनमध्ये मल्लखांब, कबड्डी आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवीत होते. विदर्भातील क्रीडाशिक्षकांच्या कित्येक पिढ्या ज्या संस्थेने घडवल्या ती ही संस्था. अमरावतीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील शाळांच्या मैदानांवर दोन्ही परंपरांचा वारसा पोचला असे म्हणता येईल. पण अभ्यासक्रमात भाला राहिला तो ग्रीकांचा, आणि नाव मिळाले ते मराठी.

नावातली ‘फेक’ मुलांना भलतीकडे नेते. आमच्याकडच्या मुलाला ‘फेक’ म्हटले की त्याला दगड आठवतो, नाहीतर ज्वारीच्या शेतात पाखरे हाकणारी गोफण. पण गोफणीसारखा बाजूने गरकन फिरवून भाला भिरकावणे नियमाला मान्य नाही. तो खांद्यावरून किंवा दंडाच्या वरूनच सुटला पाहिजे आणि त्याचे टोक आधी जमिनीला लागले पाहिजे. १९५६ साली स्पेनच्या फेलिक्स एराउस्किनने अंगाभोवती गिरकी घेऊन भाला फेकण्याची पद्धत पुढे आणली आणि ती लगेच नियमबाह्य ठरवण्यात आली, ती मुख्यतः प्रेक्षकांच्या जिवाच्या भयाने. गोफणीतून घेण्यासारखे एकच: हात शेवटी येतो. डावा पाय रोवला जातो, कंबर वळते, मग छाती, खांदा, कोपर, आणि सर्वांत शेवटी पंजा. उजव्या हाताने फेकणाऱ्याला हे उमगले की तो भाला ढकलत नाही, मागून ओढून आणतो. म्हणून चांगला शिक्षक पहिले काही दिवस धाव घेऊच देत नाही. जागेवर उभे राहून, वेळूच्या हलक्या काठीने, दहा-पंधरा पावलांवरच्या खुणेवर नेम धरायला लावतो. अंतर मोजायची टेप तोवर पेटीत राहिलेली बरी. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, महिलांचा ६०० ग्रॅमचा. दहावीच्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी मोठा भाला देणारे शिक्षक त्याच्या कोपराचे शत्रू होत.

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटरची फेक करून सुवर्णपदक जिंकले आणि भाला गावोगावच्या मुलांच्या मनात शिरला. मैदाने मात्र तीच राहिली. तिथेच कबड्डीही चालते, तिथेच मधल्या सुट्टीतली धावपळ. सप्टेंबर २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका शाळेत सराव चालू असताना भाला डोक्यात शिरून एक शाळकरी मुलगा दगावला. खेळाच्या साहित्यात जमा झालेली ही वस्तू मुळात शस्त्र आहे, हे आपण शब्दाबरोबरच विसरलो की काय, असे तेव्हा वाटले.

बोथाटीच्या शिक्षणातला आवरण्याचा भाग इथे परत आणायला हवा. भाला नेताना उभा धरावा. फेकणारे सगळे एका ओळीत, बाकीचे त्यांच्या मागे. शेवटचा भाला जमिनीत रुतल्याखेरीज कुणी पुढे जाऊ नये आणि आणायला जाताना धावू नये. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत भाला खोल रुततो; तो बाजूला वाकवून न काढता दोन्ही हातांनी सरळ वर उपसावा, आणि उपसण्यापूर्वी मागे कोण उभे आहे ते वळून पाहावे.