सोप्रानोचा गळा, फाटलेला स्पीकर

फिनलंडच्या पूर्व भागात, रशियाच्या सरहद्दीजवळ, कितेए नावाचे एक छोटे गाव आहे. १९९६ सालच्या जुलै महिन्यात तेथील तुओमास होलोपाइनेन या एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या मनात एक वाद्यमेळ उभा करण्याची कल्पना आली. शेकोटीभोवती बसून ऐकावे असे शांत संगीत त्याला हवे होते. साधी लाकडी गिटार, बासरी, कळफलकाची वाद्ये आणि एका मुलीचा आवाज, एवढाच सरंजाम. मुलगी गावातलीच, तारिया तुरुनेन. वय अठरा, पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकत असलेली. पहिले ध्वनिमुद्रण झाले आणि लक्षात आले की असल्या नाजूक साथीला हा आवाज पेलत नाही. आवाज लहान करता येईना, म्हणून संगीत मोठे केले गेले. लाकडी गिटारीच्या जागी विजेची गिटार आली, पाठोपाठ ड्रम आले. 'नाइटविश' या नावाने पुढे जगभर गेलेल्या वाद्यमेळाची सुरुवात ही अशी झाली.

ज्या संगीतप्रकारात हा वाद्यमेळ मोडतो त्याला 'सिंफनिक मेटल' म्हणतात. हेवी मेटलच्या कर्कश गिटारी, त्यांच्या जोडीला व्हायोलिनांचा ताफा किंवा समूहगान, आणि या सगळ्यावर ऑपेराच्या पद्धतीने गाणारी एक स्त्री, असे त्याचे ढोबळ रूप आहे. आपल्या वर्गातील एखाददुसऱ्या विद्यार्थ्याने ते ऐकलेलेही असेल. साधारण समज असा, की गिटारींचा गोंगाट फार, म्हणून त्याला पुरून उरणारा दणकट गळा शोधला गेला असावा. कितेएमध्ये नेमके उलटे घडले. हा उलटा क्रम समजून घ्यायचा तर दोन वेगवेगळे इतिहास पाहावे लागतात, एक गळ्याचा आणि दुसरा फाटलेल्या स्पीकरचा.

आधी गळ्याचा. ऑपेरा म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत गायले जाणारे नाटक. एकोणिसाव्या शतकात युरोपातील नाट्यगृहे मोठी होत गेली, वाद्यवृंदातील वाद्येही वाढली. विजेचा ध्वनिवर्धक अजून जन्मायचा होता. साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडे, शेवटच्या रांगेपर्यंत एकट्या माणसाचा आवाज पोहोचायचा कसा? उत्तरे निरनिराळ्या दिशांनी आली. जिल्बेर द्युप्रे या गायकाने १८३७ साली पॅरिसच्या ऑपेरात, तोवर हलक्या पातळ आवाजात घेतला जाणारा वरचा 'सी' हा स्वर छातीच्या भरदार आवाजात लावून दाखवला आणि उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषांची सगळी रीतच बदलून गेली. संगीतकार वाग्नरने वास्तुशास्त्राचा आधार घेतला. १८७६ साली बायरॉइट येथे उघडलेल्या त्याच्या नाट्यगृहात वाद्यवृंद रंगमंचाखालच्या झाकलेल्या खड्ड्यात बसवला होता. गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया याने तर गळ्यातच डोकावून पाहिले. १८५४ साली दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरून आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकून, गाताना हलणारे स्वतःचे स्वरतंतू त्याने पाहिले. पुढच्याच वर्षी ही निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली गेली. घशाच्या डॉक्टरांच्या हाती आलेले एक मोलाचे साधन एका गाण्याच्या मास्तराने दिले, हे आम्हाला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

मात्र हा आवाज वाद्यांच्या पलीकडे पोहोचतो तरी कसा, याचा उलगडा व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात त्यावर विस्तृत काम केले. स्वरतंतूंच्या कंपनाने मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे अधिस्वर असा एक गुच्छच निर्माण होतो. घसा आणि तोंड यांची मिळून जी नळी होते, ती त्यांतील काही अधिस्वरांना अनुनादाने बळ देते. वाद्यवृंदाची सर्वाधिक ऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि त्यापुढे ती झपाट्याने उतरत जाते. तालीम घेतलेला पुरुष गायक स्वरयंत्र खाली नेऊन घशाचा आकार असा ठेवतो, की ३००० हर्ट्झच्या आसपास त्याच्या आवाजात एक उंचवटा तयार होतो. तेथे वाद्यवृंद दुबळा असतो आणि आपला कान तर त्याच सुमारास अतिशय संवेदनशील असतो. म्हणजे गायक वाद्यांवर ताकदीने मात करत नाही. वाद्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत तो आपला आवाज नेऊन बसवतो.

स्त्री-आवाजातील सर्वांत उंच पट्टीला सोप्रानो म्हणतात. तिला ही युक्ती फारशी उपयोगी पडत नाही. ७०० हर्ट्झचा स्वर लावला की त्याचे अधिस्वर १४००, २१००, २८०० असे दूरदूर पडतात. उंचवट्यात सापडला तर एखादाच सापडायचा. शिवाय 'ई' किंवा 'ऊ' म्हणताना नळीचा पहिला अनुनाद ३००-४०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गायच्या स्वराच्याही खाली राहतो आणि मूळ स्वराला त्याचे बळ मिळत नाही. मग सोप्रानो काय करते? स्वर जसा चढेल तसा ती जबडा अधिक उघडते. तोंड उघडले की नळीचा पहिला अनुनाद वर सरकतो आणि नेमका गायच्या स्वराशी जुळवून घेता येतो. सुंडबर्ग यांनी हे दाखवले होतेच. २००४ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी गाणाऱ्या सोप्रानोंच्या ओठांपाशी प्रत्यक्ष मोजमाप करून ते पक्के केले.

याची किंमत शब्दांना मोजावी लागते. स्वर ओळखू येतो तो नळीच्या अनुनादांवरून, आणि तेच जर गाण्याच्या पट्टीप्रमाणे हलू लागले तर वरच्या सप्तकात 'ई', 'ए', 'ऊ' सगळेच 'आ'सारखे ऐकू येतात. 'नाइटविश'च्या सुरुवातीच्या गाण्यांतले शब्द कळत नाहीत अशी तक्रार पुष्कळांनी केली आहे. त्यात उच्चारांच्या सवयीचा भाग असेलही, पण वरच्या स्वरांपुरता तरी गायिकेचा इलाज नाही.

१९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आणि ध्वनिक्षेपक आले आणि या साऱ्या खटाटोपाची गरजच सरली. कुजबुजणाराही हजारोंना ऐकू जाऊ लागला. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकांतील नटांना ऑर्गनच्या साथीवर, ध्वनिक्षेपकाशिवाय, मागच्या प्रेक्षकापर्यंत पद पोहोचवावे लागे. तो गळाही पुढे असाच मागे पडला. ऑपेराचा आवाज ऑपेरापुरता उरला.

आता फाटलेल्या स्पीकरचा इतिहास. गणेशोत्सवात कर्ण्याचा आवाज 'फाटतो' म्हणजे काय होते, हे आपण सर्वांनी कानांनी अनुभवले आहे. झेपेल त्याहून अधिक ताकद दिली की लाटेचे माथे कापले जातात आणि मुळात नसलेले अधिस्वर तयार होतात. एरवी हा दोष. पण अमेरिकेत १९५८ साली लिंक रे याने, आणि इंग्लंडमध्ये १९६४ साली 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने, गिटारीचे स्पीकर मुद्दाम भोसकून किंवा पात्याने चिरून तो दोषच वाद्याचा गुण म्हणून वापरला. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यातील कामगार. कोवळ्या वयात यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात हाच. त्याने वितळवलेल्या प्लॅस्टिकची टोपणे बोटांना बसवली, पातळ तारा लावल्या आणि काही वर्षांनी ताण कमी व्हावा म्हणून त्या खाली उतरवल्या. त्याच्या 'ब्लॅक सबाथ' या वाद्यमेळाची पहिली तबकडी १९७० साली निघाली. हेवी मेटलचा आरंभ बहुतेक जण तेथूनच धरतात.

अशा फाटक्या आवाजात कोणतेही स्वर एकत्र वाजवून चालत नाहीत. विकृतीमुळे दोन स्वरांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या वारंवारतेचे नवे स्वर उपजतात. २०० हर्ट्झचा षड्ज आणि ३०० हर्ट्झचा पंचम घ्या. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. बेरीज ५००, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. सगळे सुरेल. आता त्यात गंधार मिसळा. गिटारीचे पडदे बारा समान भागांत विभागलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार २५० ऐवजी सुमारे २५२ वर बसतो. वजाबाक्या येतात सुमारे ५२ आणि ४८. हे दोन स्वर एकमेकांना घासत राहतात आणि खालच्या सप्तकात नुसती खरखर माजते. म्हणून मेटलचा गिटारवादक गंधार टाळतो आणि तानपुऱ्यासारखे षड्ज-पंचमच दणक्यात वाजवतो.

पण गाण्याचा भाव शुद्ध की कोमल, उजळ की उदास, हे पाश्चात्त्य संगीतात गंधारच ठरवतो. गिटारीने रिकामी सोडलेली ही जागा कोणी तरी भरायला हवी. ती व्हायोलिने भरू शकतात, कळफलक भरू शकतो आणि गळाही भरू शकतो. सिंफनिक मेटलमधल्या दोन अर्ध्यांची गाठ येथे पडते असे आम्हाला वाटते. नुसती भव्यतेची हौस हे कारण पुरेसे नाही.

एकत्र येण्याचे प्रयत्न बरेच आधी सुरू झाले होते. १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'डीप पर्पल' आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद एकत्र वाजले. १९८७ साली स्वित्झर्लंडच्या 'सेल्टिक फ्रॉस्ट'ने आपल्या तबकडीत ऑपेराच्या ढंगाचा स्त्री-आवाज वापरला. नॉर्वेच्या 'थिएटर ऑफ ट्रॅजेडी'ने १९९५ साली पुरुषाच्या गुरगुरण्यासमोर लिव्ह क्रिस्तिनेचा नितळ गळा ठेवला. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या 'थेरिऑन'ने समूहगान आणले. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये 'विदिन टेम्प्टेशन' उभे राहिले आणि कितेएमध्ये 'नाइटविश'. उत्तर युरोपच का, याला एक साधे कारण दिसते. फिनलंडमध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संगीतशाळा लहान गावांतही आहेत. कितेएपासून फार दूर नसलेल्या सावोनलिन्ना येथे तर एका मध्ययुगीन किल्ल्यात दर उन्हाळ्यात ऑपेरा महोत्सव भरतो, तोही आइनो आक्ते या सोप्रानोने १९१२ साली सुरू केलेला. गावातल्या मुलीने ऑपेराचे गाणे शिकावे यात तेथे नवल नाही.

फाटक्या गिटारीचे अधिस्वर मात्र ३००० हर्ट्झच्याही पुढे पसरलेले असतात. वाद्यवृंदाने सोडलेली मोकळी जागा येथे शिल्लकच नसते. ताकदीचा प्रश्न ध्वनिक्षेपक सोडवतो. उरतो तो वेगळेपणाचा. सोप्रानोचा दीर्घ स्वर सेकंदाला पाच-सहा वेळा डोलत असतो आणि त्याच्याबरोबर त्याचे सगळे अधिस्वरही एका लयीत डोलतात. एकत्र हलणारे ते एकाच उगमाचे, असे आपला मेंदू मानतो आणि गिटारींच्या सरळ, दाट भिंतीतून तो गळा अलगद वेगळा काढतो.

ऐकणाऱ्याला हे सोपे असले तरी गाणारीला नाही. १९११ साली इटिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने दाखवले, की भोवती गोंगाट असला म्हणजे माणूस नकळत आवाज चढवतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात दुपारी घसा बसलेल्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको. घशाच्या तक्रारी ज्या व्यवसायांत जास्त आढळतात त्यांत शिक्षकांचा क्रम बराच वरचा आहे. मेटलच्या रंगमंचावर आवाजाची पातळी १०० डेसिबेलच्याही वर जाते आणि स्वतःचा गळा स्वतःलाच ऐकू येईनासा होतो. तालीम घेतलेली गायिका अशा वेळी कानापेक्षा छातीतल्या आणि चेहऱ्यातल्या कंपनांच्या जाणिवेवर अधिक विसंबते. आता कानात बसवायच्या छोट्या श्रवणिकांनीही हा धोका पुष्कळ कमी केला आहे.

२००४ साली 'नाइटविश'ने लंडनमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह 'वन्स' ही तबकडी केली आणि यश कळसाला पोहोचले. २१ ऑक्टोबर २००५ रोजी हेलसिंकीतील भरगच्च कार्यक्रम संपल्यावर इतर चौघांनी तुरुनेनबाईंच्या हाती एक पत्र दिले. तुम्ही आता वाद्यमेळात नाही, असा त्याचा आशय. ते पत्र जाहीरही केले गेले. भांडणाच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. पण ज्या गळ्यासाठी विजेची गिटार आणली, तो गळा गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न लोकांपुढे उभा राहिला. २००७ साली आलेल्या आनेट ओल्झॉन यांचा आवाज ऑपेराचा नव्हता, साध्या सुगम गाण्याचा होता. शब्द स्पष्ट कळू लागले, गाणी लोकप्रियही झाली, तरी जुन्या श्रोत्यांतील वाद मिटला नाही. २०१२ साली त्यांच्या जागी हॉलंडच्या फ्लोर यान्सन आल्या आणि पुढच्या वर्षी कायम झाल्या. गरजेप्रमाणे ऑपेराचा गळा, सुगम गळा आणि चक्क गुरगुरणे अशा तिन्ही पद्धती त्या वापरतात.

तुरुनेनबाईंनी पुढे स्वतःच्या नावाने मेटलही गायले आणि शास्त्रीय गाण्याचे कार्यक्रमही केले. २०१५ साली त्यांची 'आवे मारिया'च्या निरनिराळ्या संगीतरचनांची तबकडी निघाली. ती फिनलंडमधील सेइनेयोकी येथील चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाली असून साथीला ऑर्गन, चेलो आणि हार्प आहेत. तीत गिटार नाही.