किल्ल्यांचा जुडगा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा संप, महागाईभत्ता किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. 'दूरचे संगणक घरबसल्या चालविणाऱ्या मुक्त साधनांचा इतिहास' असे मी कळविले, तेव्हा चिटणीसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. संगणकाचे जे काही ज्ञान आहे ते रात्रपाळीच्या पोरांकडून चहाच्या टपरीवर मिळविलेले आणि पुढे पुस्तकांशी झगडून थोडेफार पक्के केलेले. पण ज्या हत्याराने कामगार काम करतो ते हत्यार त्याच्या पुढाऱ्याला ठाऊक नसावे, हे मला कधीच पटलेले नाही. माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते. मागाविषयी बोलता येत नसलेल्या पुढाऱ्याला तेथे कोणी उभे करीत नसे.

आता ही गोष्ट आहे तरी काय? समजा, एक संगणक मुंबईत आहे आणि तुम्ही साताऱ्यात आहा. मुंबईच्या संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तारेवरून तुमच्या पडद्यावर येते. तुम्ही येथे कळ दाबली की तिचा ठोका तारेवरून तिकडे जातो आणि तेथील यंत्र, तुम्ही समोर बसला आहा असे समजून, तो हुकूम पाळते. चित्र इकडे, ठोके तिकडे, एवढाच सारा व्यवहार. अक्षरांपुरता हा व्यवहार जुना आहे. १९६९ सालीच अमेरिकेत टेलनेट नावाची पद्धत मांडली गेली होती. पण संपूर्ण चित्रमय पडदा दूर नेणे हे अवघड काम होते, आणि त्या कामाची एक मोठी हकीकत इंग्लंडातील केंब्रिज गावी घडली.

टाइपरायटर करणारी इटलीची ऑलिवेट्टी कंपनी तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिच्या पैशावर १९८६ साली केंब्रिजला एक संशोधनशाळा निघाली. तेथील मंडळींनी १९९० च्या आसपास एक बिल्ला तयार केला. तो अंगावर लावला की दर पंधरा सेकंदांनी त्यातून अवरक्त किरणांचा इशारा निघे, खोल्याखोल्यांतून बसविलेली यंत्रे तो टिपीत, आणि कोण माणूस कोणत्या खोलीत आहे हे कळे. हेतू निरुपद्रवी होता : आलेला फोन त्या माणसाच्या जवळच्या टेलिफोनवर जोडून द्यावयाचा. मी मात्र हे प्रथम वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गिरणीच्या फाटकावर बिल्ला दाखवून आत जाणाऱ्या बापाचा मी मुलगा. फाटकावरचा बिल्ला निदान संडासापर्यंत पाठलाग करीत नव्हता!

या बिल्ल्यावरूनच पुढली कल्पना निघाली. माणूस कोठे आहे हे यंत्राला कळते, तर त्याचे काम त्याच्या मागोमाग का जाऊ नये? १९९४ च्या सुमारास त्यांनी तशी सोय केली. बिल्ल्यावरची कळ दाबली की आपला अर्धवट सोडलेला पडदा जवळच्या संगणकावर येऊन हजर होई. यातून आणि अशाच आणखी एकदोन प्रयोगांतून जे साधन तयार झाले त्याचे नाव व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग, म्हणजेच व्हीएनसी. १९९८ साली रिचर्डसन, स्टॅफर्ड-फ्रेझर, वुड आणि हॉपर या चौघांनी त्याची माहिती देणारा निबंध प्रसिद्ध केला. (यांतला स्टॅफर्ड-फ्रेझर म्हणजे, १९९१ साली केंब्रिजच्या विद्यापीठात कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून, भांडे रिकामे आहे की भरलेले हे जागेवरून पाहण्याची सोय करणाऱ्यांपैकी एक. आळसाने जगाचे किती भले केले आहे याचा हिशोब कोणीतरी मांडावयास हवा.)

व्हीएनसीची युक्ती साधी होती, आणि साधेपणातच तिचे बळ होते. दूरच्या पडद्याचा जो चौकोन बदलला तेवढाच पाठवावयाचा. पाहणाऱ्याच्या यंत्रात काहीही साठवून ठेवावयाचे नाही. म्हणून वाक्य लिहिता लिहिता उठलात, शंभर कोसांवर जाऊन दुसऱ्या यंत्रापुढे बसलात, तरी तेच वाक्य त्याच अक्षरापासून पुढे चालू. आणि विंडोजवर चालणारा तिचा दर्शक सुमारे १५० किलोबाइटांचा! त्या काळच्या फ्लॉपीच्या चकतीवर तो सहज मावे, आणि यंत्रात न बसवता थेट चकतीवरूनच चाले. खिशातून हत्यार न्यावे, काम करावे, हत्यार परत खिशात. गवंडी आपला थापी-ओळंबा घेऊन फिरतो तसे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी हे साधन मुक्त केले. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे त्यांचा फार घोटाळा होतो; आपल्या भाषेत तो होण्याचे कारण नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली मुक्त संगणक-प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ साली तिच्यासाठी एक परवाना लिहिला. त्याचा मथितार्थ असा : हे साधन वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटताना त्याची मूळ संहिताही याच अटीवर पुढच्याला द्या. म्हणजे सामायिक विहिरीचे पाणी कोणीही भरावे, पण तिच्यावर झाकण घालून कुलूप लावू नये. या परवान्याखाली व्हीएनसी लोकांच्या हाती आली.

या अटीची किंमत चार वर्षांत दिसली. १९९९ साली ती संशोधनशाळा अमेरिकेच्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने घेतली आणि २००२ साली बंद करून टाकली. आता आमच्याकडे गिरणी बंद पडते तेव्हा काय होते? १९८२ च्या संपानंतर मी ते लहान वयात पाहिले आहे. माग भंगारात जातो, जमीन बाजारात जाते, आणि कामगाराचे कसब त्याच्या हातातच वाळून जाते, कारण ते चालवावयास माग उरत नाही. केंब्रिजला तसे घडले नाही. संहिता आधीच मुक्त असल्यामुळे मूळ मंडळींतील काहीजण बाहेर पडून त्याच वर्षी रिअलव्हीएनसी नावाने उभे राहिले. आणि ज्यांचा त्या शाळेशी काडीचा संबंध नव्हता अशांनी टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी अशा आपापल्या आवृत्त्या चालू ठेवल्या. गिरणीला टाळे लागले, पण माग कामगारांच्या घरी गेले.

इकडे मायक्रोसॉफ्टनेही १९९८ साली आपली टर्मिनल सर्व्हरची आवृत्ती काढून आरडीपी ही वेगळी पद्धत रूढ केली होती आणि २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर ती टेबलाटेबलावर पोचविली. अक्षरी हुकुमांसाठी १९९५ साली फिनलंडात एसएसएच ही सुरक्षित पद्धत निघाली होती. तिच्यासाठी सायमन टॅथम या इंग्रज गृहस्थाने पटी नावाचा मुक्त कार्यक्रम लिहिला, तोही एकाच फाईलीचा. तेव्हा पाच-सात वर्षांत पद्धती झाल्या अनेक, आणि यंत्रे झाली शेकडो. यंत्रांची निगा राखणाऱ्या माणसाची अवस्था ओळखीच्या वाड्यातील कारभाऱ्यासारखी झाली. चाळीस खोल्या, चाळीस कुलुपे, आणि किल्ल्या मात्र कोनाड्याकोनाड्यांत.

हा जुडगा बांधण्याचे काम ज्या मुक्त कार्यक्रमांनी केले त्यांत एम-रिमोट हा विंडोजपुरता बराच लोकप्रिय झाला. डाव्या हाताला यंत्रांच्या नावांचे झाड. फांदीला दिलेली माहिती पानांना आपोआप लागू. उजवीकडे एकेका यंत्राचा पडदा, वहीच्या पानांसारखा एकामागे एक. आरडीपी, व्हीएनसी, एसएसएच, टेलनेट, सर्व एकाच खिडकीत. पुढे त्याचा मूळ कर्ता एका व्यापारी उत्पादनाच्या कामाकडे वळला. येथेही तीच जुनी अट कामास आली. संहिता मोकळी होती. दुसऱ्यांनी ती उचलली आणि एम-रिमोट-एनजी या नावाने पुढे चालविली. तिच्या पोटात पाहिले तर पटीचा भाग आहे, व्हीएनसीसाठी दुसऱ्या कोणाचा भाग आहे, आरडीपीसाठी मायक्रोसॉफ्टचाच घटक आहे. एकट्याच्या हातचे असे थोडेच. तिची एक सुटी आवृत्तीही मिळते. पुडके उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवावे. यंत्रांची यादी आणि जोडण्या त्याच घडीत राहतात. मात्र खालच्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टचा आवश्यक पाया असावा लागतो. तेव्हा फ्लॉपीवरच्या त्या १५० किलोबाइटांचा सडाफटिंगपणा तिच्यात नाही.

आणि येथेच मेख आहे. त्या यादीच्या फाईलीत परवलीचे शब्दही ठेवता येतात. ते कुलूपबंद असतात हे खरे. पण वापरणाऱ्याने स्वतःचा मुख्य शब्द घातला नाही, तर कुलूप लावण्यासाठी सर्व प्रतींत एकच ठरावीक शब्द वापरला जातो, आणि संहिता उघडी असल्यामुळे तो कोणालाही वाचता येतो. यात लबाडी काही नाही. सोयीसाठी ठेवलेला तो शब्द बदलावयाचा आहे, हे धनी विसरतो एवढेच.

१९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाचा करार केला. यंत्रे किती आणि कोठे बसवावयाची यावर आमच्या वडीलधाऱ्यांनी रात्री जागविल्या. त्या काळी तोच प्रश्न होता, मी त्यांना नावे ठेवीत नाही. पण यंत्रात कोण, कोणाच्या नावाने, कोठून शिरला हे कागदावर कसे उमटावे, हा प्रश्न आमच्या मागण्यांच्या यादीत फार उशिरा आला. माझ्यापुरता तर तो एका चौकशीतून आला.

पुणे शहराजवळच्या एका कंपनीत (नाव सांगत नाही) रात्रपाळीची पोरे परदेशातील ग्राहकांचे संगणक सांभाळीत. त्यांतील एका कंत्राटी मुलावर आरोपपत्र आले : पहाटे अमुक वाजता अमुक यंत्रात शिरून त्याने नोंदी पुसल्या. बचाव प्रतिनिधी म्हणून मी बसलो. पुरावा काय, तर यंत्राच्या वहीतील एक नाव. मी विचारले, हे नाव या मुलाचे आहे काय? नाही, ते पाळीचे आहे. पाळीत किती माणसे? अकरा. शिरण्याचे साधन कोठे असते? पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह कोठे असतो? टेबलाच्या खणात. खणाला कुलूप? चौकशी अधिकारी, भला माणूस, त्याने लेखणी खाली ठेवली. त्या ड्राइव्हवर हाच कार्यक्रम होता, आणि मुख्य शब्द कधी कोणी घातलाच नव्हता. फुकटचे साधन वापरल्यामुळे असे झाले, असे व्यवस्थापक म्हणाले. मी म्हटले, साहेब, साधनाने अकरा जणांना अकरा नावे देण्यास मनाई केली होती काय?

आरोप सिद्ध झाला नाही. पाळीतल्या प्रत्येकाला पुढे स्वतंत्र नाव मिळाले. ते लेखी घेण्यास मात्र आम्हांला सात महिने लागले. त्या मुलाचे कंत्राट मुदत संपल्यावर वाढविले गेले नाही, आणि त्याविरुद्ध आम्हांला काही करता आले नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या तीन तालुक्यांतील कचेऱ्यांना कुलपे पडली आणि सभासदांची दप्तरे आतल्या संगणकांत अडकली. वीज चालू होती, तार चालू होती. तोच मुलगा आपल्या गावच्या घरातून आमच्या तिन्ही यंत्रांत शिरला आणि बाहेरगावी अडकलेल्या कामगारांच्या याद्या काढून देऊ लागला. आजही ती यंत्रे तोच पाहतो. जुडगा त्याच्याकडे असतो. मुख्य शब्द एका पाकिटात बंद करून खजिनदारांच्या कपाटात ठेवला आहे, आणि पाकिटावर त्याची व माझी, दोघांची सही आहे.